सासू, जावई आणि डाव्या हाताचा माउस

डेपोत तिला सगळे गिअरताई म्हणत. तिथे एक जुनी, खडूस बस होती. तिचा रिव्हर्स गिअर टाकताना भल्याभल्या ड्रायव्हरांना घाम फुटायचा. गाडी करकर दात खायची आणि शेवटी बंद पडायची. तीच बस या बाईच्या हाती आली की मात्र गरीब गाय व्हायची. एकदा एका नव्या ड्रायव्हरने विचारलं, "ताई, जादू काय करता हो?"

"जादू कसली बोडक्याची! मी डावरी आहे. गिअरचा दांडा डाव्या हाताला आहे, एवढंच. लहानपणी ज्या हातावर फटके खाल्ले, त्याच हाताने आता पोट भरतेय."

तिचा हात जसा सरळ, तशी जीभही. 'मागे सरका, मागे जागा आहे!' ही तिची हाक शेवटच्या सीटवर डुलकी काढणाऱ्यालाही जागं करायची. डेपोतल्या साहेबापासून टायरवाल्यापर्यंत कुणाचीही भीडभाड तिने कधी ठेवली नाही. नवरा लवकर गेला, लेकीला एकटीने वाढवलं, त्यात भिडेला जागाच उरली नव्हती.

फक्त एका माणसासमोर या बाईची दातखीळ बसायची. तो म्हणजे तिचा जावई.

जावई वाईट होता असं मुळीच नाही. शहराला पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. दिवसभर बाटल्यांतलं पाणी तपासायचं आणि ते पिण्याजोगं आहे की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. माणूस सज्जन, निर्व्यसनी, लेकीला जीव लावणारा. पण बोलण्याच्या बाबतीत अगदी मुखस्तंभ. "हो आई," "नको आई," "पुरे आई," यापलीकडे त्याची गाडी जायची नाही. आणि जावई म्हटल्यावर त्याचा मान ठेवायला हवा, म्हणून गिअरताईही त्याच्याशी 'अहो-जाहो' करत, तोंडात बोळा कोंबल्यासारखी बसायची. आजवर हे कुणाला जाणवलं नव्हतं, कारण मध्ये लेक असायची आणि ती दोघांच्या वाटचं बोलून टाकायची.

मग लेकीला कंपनीने लांबच्या कामावर पाठवलं. ती बोगदे खणणारी इंजिनिअर. कुठल्याशा डोंगरात बोगदा चालला होता, तिथे काही महिने राहायचं होतं आणि फोन लागला तर लागला अशी तिथली तऱ्हा. जाताना तिने नवऱ्याला बजावलं, "दर रविवारी आईकडे जायचं. ती एकटी असते." आईलाही बजावलं, "दर रविवारी त्याला जेवायला घाल. तो एकटा असतो." दोघंही आज्ञाधारक. लेकीचा शब्द मोडायची हिंमत कुणातच नव्हती.

झालं. रविवार आला की दुपारी बेल वाजायची. दारात जावई, हातात फळांची पिशवी.

"या, या. बसा."

"हो आई."

जेवण व्हायचं. "घ्या ना अजून थोडं." "नको आई, पुरे." "लाजू नका हं." "नाही आई." मग दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून टीव्हीवरच्या बातम्या बघायची. त्या घरात त्या वेळी सगळ्यात जास्त कुणी बोलत असेल तर ती बातम्या देणारी बाई. गिअरताईला वाटायचं, याला काहीतरी विचारावं. पण काय? पाणी कसं आहे? ते एकदा विचारून झालं होतं. "चांगलं आहे, आई," असं उत्तरही मिळालं होतं. संध्याकाळी तो गेला की ती दार लावून मोठ्ठा सुस्कारा टाकायची. जिना उतरताना तोही टाकत असणार.

एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला. "थोडं काम राहिलंय, आई. चालेल ना?"

"अहो, चालेल म्हणजे काय! काम आधी."

मनातून तिला हायसंच वाटलं. ती भांडी आवरायला स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने बाहेरून बारीक ठो-ठो ऐकू यायला लागलं. ओला हात फडक्याला पुसत ती बाहेर आली आणि त्याच्या पाठीमागे उभी राहिली. पडद्यावर एक ओसाड बेट होतं, त्यावर एक जीप, आणि ती जीप झाडाला थडकून नुसती चाकं फिरवत होती.

"हे तुमचं पाण्याचं काम?"

जावई कानापर्यंत लाल झाला. तो लॅपटॉप मिटायला लागला, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, बंद करू नका. आधी ती गाडी बाहेर काढा."

"निघत नाहीये, आई."

"निघेल कशी? सगळा जोर पुढे लावताय. मागे घ्या. अहो, रिव्हर्स! आता जरा वळवून... असं नाही हो! सरका बरं."

आणि ती बसली. कोणतं बटण कशाचं एवढं त्याने सांगितलं. तिने जीप सरळ केली, दगडगोट्यांतून बाहेर काढली, डोंगराच्या कडेने अशी पळवली की जावई तोंड उघडं टाकून बघत राहिला. वाटेत दोन शत्रू आडवे आले तर तिने त्यांना वळसा घातला. "आई, त्यांना उडवायचं असतं," जावई हळूच म्हणाला. "मी आजवर कुणाला धक्का लावलेला नाही," ती म्हणाली. शेवटी तिने जीप एका घराजवळ भिंतीला समांतर, अगदी व्यवस्थित लावली आणि त्याच क्षणी कुणीतरी तिला गोळी घातली.

"मेले मी?"

"हो आई."

"परत लावा."

त्या दिवसापासून रविवारचं रूपच पालटलं. लेकीच्या खोलीत तिचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. जावयाने तो बाहेरच्या टेबलावर, आपल्या लॅपटॉपशेजारी आणला, त्यातलं काही बदललं, काही नवीन घातलं आणि खेळण्याजोगा केला. तिचा डावा हात माउसवर राहील आणि उजव्या हाताला कीबोर्डची सगळी बटणं सापडतील, अशी मांडणीही करून दिली. खेळ साधा होता. दोघादोघांच्या जोड्या एका बेटावर उतरवायच्या. शेवटी जी जोडी जिवंत उरेल ती जिंकली. गाडी सासूने चालवायची, नेम जावयाने धरायचा. जोडी बरी जमली. मात्र बोलणं पूर्वीसारखंच. "आई, उजवीकडे शत्रू आहे." "बघते हं. तुम्ही जरा खाली वाकता का?" रणांगणावर दोन पाहुणे एकमेकांना 'आधी तुम्ही' करत आहेत असा सगळा थाट.

अडचण आली ती माउसची. तो कॉम्प्युटरसोबत फुकट आलेला, करडा, मळकट माउस होता. त्याला एक खोड लागली. एकदा दाबलं की तो दोनदा दाबल्याचं धरायचा. दार उघडावं तर ते उघडून लगेच मिटायचं. एकदा तर गिअरताईने हातबॉम्ब नुसता हातात धरायला म्हणून बटण दाबलं आणि बॉम्ब थेट जावयाच्या पायाशी पडला. धडाम!

"अगं बाई! लागलं का तुम्हाला?" ती खरोखरच खुर्चीतल्या जावयाकडे वळून म्हणाली.

"नाही, आई," तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला. "तुमची चूक नाही. माउसचं बटण गेलंय. गेमिंगचा घ्यायला हवा."

पुढच्या वेळी त्याने स्वतःचा आणून दिला. तो उजव्या हाताच्या वळणाचा, अंगठ्यासाठी खोलगट जागा असलेला. डाव्या हातात तो धरणं म्हणजे डाव्या पायात उजवी चप्पल घालून जिना चढणं. तिने दहा मिनिटं सोसलं आणि म्हणाली, "छान आहे हो. पण तुमचा तुम्हाला राहू दे." मग ठरलं, दुकानात जायचं.

शनिवारी तिची ड्युटी दुपारी संपली. डेपोच्या गणवेशातच ती दुकानाशी पोचली. जावई बाहेर उभा होताच. आत पाऊल टाकलं आणि तिचे डोळे दिपले. निळे, जांभळे, हिरवे दिवे लुकलुकत होते. कीबोर्ड चमकत होते, खुर्च्या चमकत होत्या, उंदरांच्या तर रांगाच्या रांगा काचेत बसल्या होत्या. काउंटरवर केस तोकडे कापलेली एक तरतरीत बाई होती.

"बोला मावशी. गेमिंग माउस? नातू किती वर्षांचा आहे?"

"नातू नाहीये."

"मग नात?"

"मी."

काउंटरवाल्या बाईने जावयाकडे पाहिलं. जावई कीबोर्ड बघण्यात गढून गेला होता.

"बरं," ती सावरून म्हणाली. "कसा हवा?"

"डाव्या हाताचा."

आता मात्र तिचा चेहरा पडला. "डाव्याचं फार येत नाही हो. सगळी दुनिया उजवी. दोन्ही हातांना चालतील असे आहेत थोडे, ते दाखवते."

तिने तीन कंपन्यांचे माउस मांडले. पहिल्या कंपनीची खूण घुबड. घुबडाचा माउस गुबगुबीत, तळहात भरून टाकणारा, पाठ गुळगुळीत. दुसऱ्या कंपनीची खूण विंचू. तो काळा, टोकदार, पोटातून सात रंगांचा उजेड सोडणारा, कडेला बटणांची अशी रांग की वाटावं हा फोनही लावत असेल. तिसऱ्याची खूण म्हणजे नुसता एक ठिपका. त्याची पाठ जाळीदार, भोकंभोकं असलेली, आणि वजनाला इतका हलका की तिने उचलला तेव्हा वाटलं, आत काही घालायचं राहून गेलंय.

"यात तर पावाचा सगळा चुरा जाणार," गिअरताई म्हणाली.

आणि मग अजब घडलं. जावई बोलायला लागला.

"जाळी वजन कमी करायला असते, आई. हलका माउस पटकन फिरतो, मनगट दुखत नाही. घुबडवाल्यांचे बांधणीला मजबूत असतात, वर्षानुवर्षं टिकतात, पण जड. लांब बोटांच्या माणसाला बरे. विंचूवाल्यांचा सेन्सर उत्तम. सेन्सर म्हणजे खालचा डोळा. हात कितीही झपकन हलवा, तो चुकत नाही. पण त्यांचं बटण जरा घट्ट असतं. ठिपकावाले नवीन आहेत. क्लिक अगदी हलकी, आवाजही कमी, पण चाक जरा मऊ, फिरवताना कुठे थांबलं ते बोटाला कळत नाही. आणि हा डीपीआय असतो ना, म्हणजे हात एवढा हलवला तर पडद्यावर किती सरकायचं..."

"म्हणजे स्टिअरिंग," ती म्हणाली. "काही बसचं थोडं फिरवलं की खूप वळतं, काहींचं गरागरा फिरवावं लागतं."

"अगदी तसंच, आई! आणि ते आपल्याला बदलता येतं!"

गिअरताई त्याच्याकडे बघतच राहिली. या माणसाच्या पोटात एवढे शब्द होते? आणि इतकी वर्षं ते ठेवले कुठे होते?

तिने एकेक माउस डाव्या हाताखाली घेऊन, डोळे मिटून, गिअर टाकल्यासारखा पुढे-मागे ओढून पाहिला. तिला सगळ्यात आवडला ठिपका. पण डोळे उघडले तेव्हा जावई विंचू हातात घेऊन त्याचं पोट निरखत होता. तिला वाटलं, याचं मन यावर बसलंय. जाणता माणूस, आपण कशाला मध्ये बोलायचं? म्हणून तिने विंचवावरून हात फिरवला आणि मनात म्हणाली, या खाचांतली धूळ कशी काढायची? जावयाने तो फिरणारा हात पाहिला. त्याला वाटलं, आईंना हा आवडला.

"हाच बरा दिसतो, नाही का?" ती म्हणाली.

"हो आई. छानच आहे."

"तुम्हाला पसंत आहे ना?"

"तुम्हाला आवडला म्हणजे झालं."

काउंटरवाल्या बाईने विंचू खोक्यात घातला.

त्यानंतरचे दिवस गिअरताईने अक्षरशः दात-ओठ खाऊन काढले. विंचू दोन्ही हातांना चालतो हे नावापुरतं. बटणांची सगळी रांग एकाच कडेला होती आणि डाव्या हातात धरला की ती नेमकी तिच्या करंगळीखाली आणि शेजारच्या बोटाखाली यायची. जरा पकड घट्ट झाली की बटण दबलंच. मग तिचा सैनिक भर रस्त्यात, गोळ्यांच्या पावसात, मांडी घातल्यासारखा खाली बसायचा. जावयाने ती बटणं बंद करून दिली, तर आता कडेचे कंगोरे बोटांना टोचायला लागले. शिवाय त्या सात रंगांच्या उजेडाने टेबलावर जत्रा भरल्यासारखी वाटायची. पण जावयाने हौसेने निवडलेली वस्तू! तक्रार कशी करायची?

"कसा वाटतो माउस, आई?"

"झकास."

तिच्या बोटांवर उठलेले वळ जावयाला दिसत होते. पण सासूबाईंनी हौसेने घेतलेली वस्तू! नावं कशी ठेवायची?

एका रविवारी मात्र दोघांचं नशीब जोरावर होतं. एकामागून एक जोड्या गळत गेल्या आणि शेवटी बेटावर दोनच उरल्या. एक यांची, एक समोरची. जावई एका गोदामाच्या छपरावर पालथा पडून नेम धरत होता. गिअरताई खाली जीप लावून आडोशाला उभी होती. तेवढ्यात तिला दिसलं, छपराच्या मागच्या शिडीवरून एकजण चढतोय. तिने बंदूक रोखली, माउस घट्ट धरला, एक कंगोरा कचकन बोटात रुतला, हात हिसकला आणि गोळी आभाळात गेली. शिडीवरचा छपरावर पोचला. जावयाला पत्ताच नाही.

मग इतकी वर्षं दाबून ठेवलेला तो बसमधला आवाज सुटला.

"अरे गाढवा, मागे बघ! मागे! शिडीवर! कुठे बघतोयस, डोळे फुटले का तुझे? मेलास! मेलास ना शेवटी, बावळट कुठला!"

गिअरताईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. जावयाला गाढव! वर बावळट! आता लेकीला काय तोंड दाखवायचं? तिचा चेहरा पांढराफटक पडला.

जावई पडद्याकडे बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं, हा रडतोय. पण तो हसत होता. आधी आतल्या आत, मग खो-खो, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. या घरात त्याला असं हसताना तिने कधीच पाहिलं नव्हतं.

"अहो, माफ करा. तोंडातून निघून गेलं..."

"आई," तो डोळे पुसत म्हणाला, "हा माउस भिकार आहे."

"काय?"

"एकदम भिकार. तुमच्या हातासाठी तर बिलकूल नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग घेतलास कशाला?" ती 'तू'वर आली ते तिच्याही लक्षात आलं नाही.

"तुम्हाला आवडला म्हणून!"

"मला? मला कुठे आवडला? तो ख्रिसमसच्या झाडासारखा लुकलुकतो! तू त्याचं पोट निरखत होतास म्हणून मला वाटलं..."

"मी बघत होतो की याचं बटण एवढं घट्ट का आहे!"

मग दोघंही हसायला लागली. ती हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. बऱ्याच वेळाने हसू ओसरलं तेव्हा ती उठून चहा टाकायला गेली आणि तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. आजवर तो कधी या उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

"खरं सांगू आई? मला असं कुणी ओरडलंच नाही कधी," तो म्हणाला. "आई-वडील गेले तेव्हा मी फार लहान होतो. काकांकडे वाढलो. काका-काकू खूप चांगले. कधी आवाज चढवला नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलांना मात्र चांगले धपाटे मिळायचे. मला नाही. मी त्या घरात पाहुणाच राहिलो. नीट बसायचं, थोडं मागायचं, पुरे म्हणायचं. मग लग्न झालं. वाटलं, आता एक घर होईल. तर इथे मी जावई. म्हणजे पुन्हा पाहुणाच. तोही मोठा."

गिअरताईने गॅस बारीक केला.

"साखर त्या वरच्या डब्यात आहे," ती म्हणाली. "हात पोचत असेल तर काढ. आणि कप तूच विसळ, मी काय तुझी नोकर नाही."

"हो आई," जावई म्हणाला. पण या वेळच्या 'हो आई'चा सूर निराळाच होता.

पुढच्याच शनिवारी दोघं विंचू खोक्यात घालून पुन्हा दुकानात हजर. काउंटरवाली बाई म्हणाली, ओरखडा नाहीये, बदलून देते. मग जे सुरू झालं ते तिने दुकान उघडल्यापासून पाहिलं नसावं.

"घुबड घ्या आई. टिकेल."

"जड आहे. टेबलावर वीट सरकवतेय असं वाटतं."

"मग ठिपका घ्या."

"मला आधीपासून ठिपकाच हवा होता, पण याचीही बटणं एकाच बाजूला. परत तेच दुखणं."

"तर मग विचारा ना त्यांना, दोन्ही बाजूंची आहेत का!"

"तू विचार. तुला जीभ नाही?"

काउंटरवाली बाई कधी हिच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. मग तिला आठवलं. काचेच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या फळीवरून तिने एक खोका काढला. ठिपकावाल्यांचाच माउस, पांढरा, सपाट, दोन्ही कडांना दोन-दोन बटणं, दिवा म्हणाल तर एकसुद्धा नाही. "चमकत नाही म्हणून कुणी घेत नाही याला," ती म्हणाली.

गिअरताईने त्यावर डावा हात ठेवला. अंगठा आपोआप बटणावर जाऊन बसला. दुसऱ्या बाजूची बोटं मोकळी, कुठे काही टोचत नाही. तिने डोळे मिटून तो पुढे सरकवला, मागे ओढला, बाजूला फिरवला. कुठे अडलं नाही, कुठे घसरला नाही. पहिल्यांदाच एखादी वस्तू घेताना, 'मी डावरी आहे, चालवून घेईन,' असं तिला म्हणावं लागलं नव्हतं.

"चाक मऊ आहे," जावई बोट फिरवत म्हणाला.

"आहे. बंदूक बदलताना गोंधळ होणार."

"तेवढं काम कीबोर्डवर देऊ. पण आई, हा वायरचा आहे. हाच वायरलेस मागवू या."

"नको. चार्जिंग संपलं की ऐन लढाईत हातात दगड. आणि वायर असली की सोफ्याखाली गेला तर शेपटी धरून ओढता येतो."

"माउस सोफ्याखाली कशाला जाईल?"

"तू हरलास की आपटतोस ना टेबलावर, म्हणून!"

"मी नाही आपटत, तुम्ही आपटता!"

थोडा वेळ हे असंच चाललं. शेवटी वायरचा ठरला. खोका पिशवीत घालताना काउंटरवाल्या बाईला राहवलं नाही. "आई-मुलगा का तुम्ही?"

"छे हो. जावई आहे माझा."

"मागच्या वेळी जावई आहेत असं वाटलं होतं," ती म्हणाली. "आज नाही वाटलं."

त्या माउसने जोडी काही जगज्जेती झाली नाही. कधी पहिल्याच मिनिटाला गारद व्हायची, कधी शेवटच्या पाचांत यायची. पण एका दुपारी ती जिंकली. शत्रूची शेवटची जोडी पुलावर दबा धरून बसली होती. गिअरताईने जीप उलटी, रिव्हर्समध्ये, भरधाव पुलावर घातली. समोरच्यांना काय येतंय ते कळेपर्यंत मागच्या बाजूला बसलेल्या जावयाने दोघांना टिपलं. पडद्यावर आतषबाजी झाली. दोघांनी असा आरडाओरडा केला की खालच्या मजल्यावरचा रिटायर झालेला हेडमास्तर काठी घेऊन वर आला. त्याला घडला प्रकार सांगितला. तो चष्मा सावरून पडद्याकडे बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, "यात तीन जणांना घेतात का?"

डोंगरातला बोगदा आरपार झाला आणि लेक कुणाला न कळवता एका रविवारी घरी आली. तिने ठरवलं होतं, दोघांना चकित करायचं. बिचारी दोघं तोंडं पाडून बातम्या बघत असतील, आपण गेलो की घर उजळेल. स्वतःच्या किल्लीने तिने हळूच दार उघडलं आणि बॅग हातातच धरून उंबऱ्यात थबकली.

"अरे मूर्खा, डावीकडून ये म्हटलं ना!"

"तुमचं डावं की माझं डावं, आई? तुम्ही डोळे मिटून खेळता का?"

"जीभ फार चालायला लागलीय तुझी!"

"तुमच्याकडूनच शिकलोय!"

लेकीने बॅग जमिनीवर ठेवली. आवाज झाला, पण कुणी वळून पाहिलं नाही. ती दोन पावलं पुढे आली आणि खाकरली. तिच्या नवऱ्याने तिला पाहिलं, त्याचा चेहरा उजळला, तो अर्धवट उठलाही. तेवढ्यात सासूने त्याचा शर्ट ओढून त्याला परत खाली बसवलं.

"आई! मी आलेय!" लेक म्हणाली. "इतक्या महिन्यांनी आलेय!"

"दिसलीस गं, बाळा," गिअरताई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "वाळलीस किती. हात-पाय धुऊन घे, तुझ्या नवऱ्याने सूप केलंय, ते गरम कर. आम्ही दोघं आत्ता घेरले गेलोय."

"यांनी सूप केलंय?" लेक म्हणाली. "तुझ्या स्वयंपाकघरात?"

पण तिचं बोलणं गोळ्यांच्या आवाजात बुडून गेलं. ती थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने बूट काढले, एक वाडगाभर सूप गरम करून आणलं, त्या दोघांच्या खुर्च्यांमध्ये एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसून चमच्यातल्या सुपावर फुंकर घालत म्हणाली, "अहो, तुमच्या मागे झुडपात कुणीतरी आहे."